जालना परिसरातील राज्यसत्तेची पाळत आणि नागरिकांचा खाजगीपणा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

राज्यसंस्थेच्या उदयापासून माहिती मिळविणे हे राज्यकर्त्यांचे एक प्रमुख कार्य मानले गेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांच्या नेमणुकीचा सविस्तर विचार आढळतो. महाराष्ट्रात हेरगिरी म्हटले की शिवकाळातील बहिर्जी नाईकांचे नाव आदराने घेतले जाते. शत्रूची बातमी काढणारा हेर हा लोकमानसात पराक्रमी पुरुष ठरतो. परंतु तीच यंत्रणा शत्रूऐवजी स्वतःच्या प्रजेकडे वळते, तेव्हा तिचे स्वरूप बदलते. नागरिक काय बोलतो, कोणाला भेटतो, काय वाचतो याची नोंद राज्यसत्ता ठेवू लागली की सुरक्षा आणि खाजगीपणा यांच्यातील संघर्षाला प्रारंभ होतो.

मराठी भाषेत या विषयाची चर्चा करताना एक अडचण जाणवते. मंत्री 'पदाची व गोपनीयतेची' शपथ घेतात आणि नागरिकाच्या हक्कालाही 'गोपनीयतेचा अधिकार' असेच म्हटले जाते. शासनाने आपले कामकाज झाकून ठेवणे आणि नागरिकाने आपले घर, पत्र व मन स्वतःपुरते राखणे या दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दात सामावल्या आहेत. त्यामुळे प्रस्तुत शोधनिबंधात शासनाच्या संदर्भात 'गोपनीयता' आणि नागरिकाच्या संदर्भात 'खाजगीपणा' असे शब्द योजले आहेत.

जालना जिल्ह्याची निर्मिती १ मे १९८१ रोजी झाली. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात, तर परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. १९४८ पर्यंत हा संपूर्ण प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता व त्याची सीमा ब्रिटिश अंमलाखालील वऱ्हाडास भिडलेली होती. सीमावर्ती स्थान, लष्करी छावणी आणि संस्थानी राजवट यांमुळे पाळतीच्या इतिहासाचा अभ्यास करण्यासाठी हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) जालना परिसरातील पाळतीच्या बदलत्या स्वरूपाचा आढावा घेणे.
२) हैदराबाद संस्थानातील परवानगी-पद्धतीचा नागरी जीवनावरील परिणाम तपासणे.
३) या अनुभवाच्या आधारे स्वातंत्र्योत्तर कायदे व न्यायनिर्णयांचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साधनांवर आधारलेला आहे.

विषय विवेचन :

१. हरकारे आणि असईची लढाई

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या परिसरातील माहिती-व्यवस्था प्रामुख्याने हरकाऱ्यांवर अवलंबून होती. २१ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची बदनापूर येथे भेट झाली. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजेवर २४ सप्टेंबर रोजी दोन बाजूंनी हल्ला करण्याचे ठरले. हरकाऱ्यांनी मराठी फौज भोकरदन येथे असल्याची बातमी दिली होती. प्रत्यक्षात ती भोकरदनपासून असईपर्यंत केळणा नदीच्या काठाने पसरलेली होती. 'भोकरदन' हे गावाचे नाव की परगण्याचे, या गोंधळामुळे वेलस्ली २३ सप्टेंबर रोजी अपेक्षेपूर्वीच शत्रूसमोर येऊन ठेपला. नदीस उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असता समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. या लढाईत इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले.

या प्रसंगातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, या काळातील हेरगिरीचा रोख लष्करी हालचालींवर होता, रयतेच्या घरावर नव्हता. दुसरी अशी की, बातमी मिळणे व बातमी खरी असणे यांत अंतर असते. हरकाऱ्याच्या बातमीची परीक्षा त्याच दिवशी रणांगणावर झाली. पुढील काळातील पोलिसी अहवालांची अशी परीक्षा क्वचितच होत असे.

२. गावगाड्यातील पाळत

गावपातळीवरही पाळतीची एक जुनी व्यवस्था अस्तित्वात होती. वेशीवर वेसकर, रात्री जागल्या आणि चावडीवर पाटील अशी तिची रचना होती. गावात परका माणूस आला तर त्याची चौकशी होत असे, चोरी झाली तर शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत माग काढला जाई. या व्यवस्थेत पाळत ठेवणारा सर्वांच्या ओळखीचा असे आणि माग काढण्यात कसूर झाली तर त्यालाच जाब द्यावा लागे.

तथापि या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. वेसकराचे काम महार समाजावर जन्माने लादलेले होते. गावाचे रक्षण करणाऱ्याला गावात समान स्थान नव्हते. शिवाय गावगाड्यात व्यक्तीच्या खाजगीपणाला फारसे महत्त्व नव्हते. जातपंचायत कोणाच्याही घरातील व्यवहारात हस्तक्षेप करू शकत असे. मात्र जाब कोणाला विचारायचा हे या व्यवस्थेत निश्चित होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३. 'गस्ती' आणि परवानगीचे राज्य

एकोणिसाव्या शतकात जालना येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०० साली गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाल्यानंतर जालना मनमाड व हैदराबाद या दोन्ही टोकांशी जोडले गेले. व्यापाराबरोबर वर्तमानपत्रे व नवे विचारही येऊ लागले. त्याच बरोबर संस्थानी शासनाची भीतीही वाढली.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कारकीर्द १९११ ते १९४८) याच्या राजवटीत 'गस्ती' म्हणजे शासकीय परिपत्रके काढून नागरी जीवनावर नियंत्रण ठेवले जाई. सभाबंदीसंबंधीची 'गस्ती निशान ५३' ही मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात विशेष कुप्रसिद्ध आहे. सभा घ्यावयाची तर पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. खाजगी शाळा, आखाडे व आर्य समाजाची हवनकुंडे यांवरही परवानगीचे बंधन आले. अर्ज अमीन किंवा तहसीलदाराकडे जाई, तेथून वरिष्ठांकडे जाई, आणि नकाराचे कारण सांगण्याचे बंधन कोणावरही नसे.

या पद्धतीचा बारकाईने विचार करणे आवश्यक आहे. परवानगी मागणाऱ्यास सभेचा विषय व वक्ते ही माहिती आधीच द्यावी लागते. म्हणजे पाळत ठेवण्याचे निम्मे काम अर्जदार स्वतःच पार पाडतो. ज्याने अर्ज केला त्याचे नाव दप्तरी लागते. ज्याने अर्ज केला नाही तो नियमभंग करणारा ठरतो. अशा स्थितीत सामान्य माणूस तिसरा मार्ग निवडतो, तो म्हणजे गप्प बसण्याचा. संस्थानी राजवटीस प्रत्येक घरामागे हेर ठेवण्याची गरज भासली नाही याचे हेच कारण होय.

याचा परिणाम असा झाला की हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने संस्थानाबाहेर काकीनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) येथे भरवावी लागली. संस्थानातील प्रजेच्या प्रश्नांची चर्चा प्रजेच्या भूमीवर होऊ शकत नव्हती. या पार्श्वभूमीवर १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरलेले महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन महत्त्वाचे ठरते. परिषदेने प्रारंभी मवाळ भूमिका घेतली. शिक्षण, भाषा व नागरी हक्क हे विषय पुढे ठेवले. संस्थानाच्या मराठी भागातील लोक आपल्याच भूमीवर एकत्र आले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आजच्या जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हा प्रारंभ झाला, याची नोंद स्थानिक इतिहासात ठळकपणे घेतली जाणे आवश्यक आहे.

वृत्तपत्रांची स्थितीही अशीच होती. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली पुण्याहून 'मराठवाडा' सुरू केला. संस्थानात त्यावर बंदी आली की तो दुसऱ्या नावाने निघत असे. वाचकाला मराठवाड्याच्या बातम्या पुण्यात छापलेल्या व बदललेल्या नावाच्या पत्रातून लपूनछपून वाचाव्या लागत. स्वतःच्या घरी बसून वर्तमानपत्र वाचणे हीदेखील जोखमीची गोष्ट झाली होती.

४. सुरक्षेचा दावा आणि त्याची परिणती

सप्टेंबर १९३८ मध्ये सार्वजनिक सुरक्षेचे नियम जारी झाले आणि स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी घालण्यात आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. वसतिगृहातील प्रार्थना ही राज्याच्या सुरक्षेस बाधक ठरावी, यातच या धोरणाचे स्वरूप दिसून येते. स्टेट काँग्रेसवरील बंदी जुलै १९४६ पर्यंत कायम राहिली.

याचा अर्थ सुरक्षेचा प्रश्न काल्पनिक होता असे नाही. १९४७-४८ या काळात जालना परिसरातील जनतेस रझाकारांच्या अत्याचारांना तोंड द्यावे लागले. दुसऱ्या बाजूस सीमेवरील कॅम्पमधून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते करोडगिरी नाक्यांवर हल्ले करीत होते. त्यांचे कार्यही गुप्ततेवरच चालत होते. हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांचे स्मरण जालना शहर आजही करते. परंतु संस्थानी शासनाने दीर्घकाळ जमविलेल्या माहितीतून रयतेचे रक्षण झाले नाही. सभा घेणाऱ्या शिक्षकाची नोंद ठेवणारी यंत्रणा सशस्त्र टोळ्यांना आवरू शकली नाही किंवा आवरू इच्छित नव्हती. पाळत भरपूर आणि सुरक्षा तुटपुंजी, असे त्या राजवटीचे चित्र होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील पोलीस कारवाईत जालना येथे भारतीय सैन्यास प्रतिकार झाला, पण संस्थान पाच दिवसांत कोसळले.

शासनाच्या गोपनीयतेचा प्रश्न मात्र राजवटीबरोबर संपला नाही. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम समाजावर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांचा समावेश असलेली समिती पाठविली. तिचा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला त्यांना स्वतःविषयीची शासकीय नोंद पाहता आली नाही. नागरिकाविषयी शासनास सर्व माहिती असावी आणि शासनाविषयी नागरिकास काहीच माहिती नसावी, ही विषमता दोन्ही राजवटींत आढळते.

५. संविधान सभेतील हुकलेली संधी

हैदराबादच्या विलीनीकरणास तीन महिने होण्यापूर्वीच ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत एक महत्त्वाची दुरुस्ती मांडली गेली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी व्यक्ती, घर व कागदपत्रे यांच्या अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण मिळावे, असे सुचविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात अशीच तरतूद सुचविली होती व सभागृहातही त्यांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. तरीही ती संविधानात समाविष्ट होऊ शकली नाही. जालन्याच्या सीमेस लागून असलेल्या वऱ्हाडातील सदस्याने मांडलेला हा विचार मान्य झाला असता, तर पुढील सात दशकांचा न्यायालयीन प्रवास कदाचित टळला असता.

६. हजेरीचा वारसा

पाळतीचा सर्वाधिक दीर्घ व कठोर अनुभव भटक्या-विमुक्त समाजांना आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. नोंदणी, हजेरी व प्रवासावरील बंधने त्यांच्या वाट्याला आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून व पोलिसांच्या मनोवृत्तीतून संशय टिकून राहिला. मराठवाड्यातीलच लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाने (१९८७) हे वास्तव मराठी वाचकांसमोर आणले. पारधी वा कैकाडी समाजातील व्यक्तीसाठी खाजगीपणा ही उच्चभ्रूंची चैन नाही. मध्यरात्री दार ठोठावले जाणार नाही, एवढाच त्याचा साधा अर्थ आहे.

नेमका हाच प्रश्न खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या व्यक्तीच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जात असत. १९६२ च्या निकालात न्यायालयाने रात्रीच्या गृहभेटी अवैध ठरविल्या, पण खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे बहुमताने अमान्य केले. न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवून तो अधिकार मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणास मूलभूत अधिकाराचा दर्जा दिला. या अधिकारावर बंधन आणण्यासाठी कायद्याचा आधार, न्याय्य उद्दिष्ट व प्रमाणबद्धता या कसोट्या आवश्यक ठरल्या.

७. दूरध्वनी, कायदा आणि देखरेख

सुरक्षेची आवश्यकता आजही तेवढीच खरी आहे. २७ ऑगस्ट २००४ रोजी जालन्यातील कादरिया मशिदीत शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी झालेल्या स्फोटाने शहर हादरले होते. अशा कटांचा आधीच छडा लागावा, ही अपेक्षा प्रत्येक नागरिकाची असते. प्रश्न अधिकार असण्याचा नसून त्याच्या वापराची तपासणी कोण करतो, याचा आहे.

१८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षेच्या कारणाने संदेश अडविण्याचा व ऐकण्याचा अधिकार शासनास दिला. पीयूसीएल खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत व आढावा समिती ही बंधने घातली. मात्र समितीचे सर्व सदस्य शासनाचेच सचिव असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली विनित कुमार खटल्यात आवश्यक कसोट्या पूर्ण न करणारे दूरध्वनी टॅपिंगचे आदेश रद्द केले व संबंधित संभाषण नष्ट करण्यास सांगितले. ज्याचा दूरध्वनी ऐकला जातो त्याला ते सहसा कळतच नसल्याने असे खटले अपवादानेच उभे राहतात.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचे (मोक्का) उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अत्यंत कठोर समजल्या जाणाऱ्या या कायद्यात संभाषण टिपण्याच्या कारवायांचा वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याची तरतूद आहे. १८८५ च्या कायद्यात अशी तरतूद नव्हती. त्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम २०२३ मंजूर झाला व डिसेंबर २०२४ मध्ये संदेश अडविण्यासंबंधीचे नवे नियम आले, तरी आढावा सचिवांच्याच हाती राहिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ नुसार केंद्र शासन सुरक्षेच्या कारणास्तव आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देऊ शकते. याच अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कलमातही दुरुस्ती केली. ज्या महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी मोठे जनआंदोलन झाले, तेथील अभ्यासकांनी याची विशेष दखल घेणे आवश्यक आहे. नागरिकाच्या खाजगीपणासाठी केलेला कायदा शासनाच्या गोपनीयतेची ढाल तर होणार नाही ना, अशी शंका यातून निर्माण होते.

२०२४ च्या मध्यास अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी परिसरात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि हा विषय विधानसभेत उपस्थित झाला. ग्रामस्थांपुढील मूळ प्रश्न तो ड्रोन कोणाचा, हा होता. वेशीवरील वेसकर गावाला ठाऊक असे, गस्तीखालची सही अमीनाची की तालुकदाराची हे कळत असे. आकाशातील यंत्राला मात्र चेहरा नसतो. दोनशे वर्षांत पाळतीची साधने बदलली. त्याहून मोठा बदल हा की, पाळत ठेवणारा दिसेनासा झाला.

निष्कर्ष :

१) जालना परिसरात पाळतीचा रोख लष्करी हालचालींकडून नागरिकांच्या सभा, वाचन, प्रार्थना व संभाषण यांकडे सरकत गेल्याचे दिसते.
२) हैदराबाद संस्थानातील परवानगी-पद्धतीने नागरिकांना मौन शिकविले, परंतु संकटकाळी सुरक्षा दिली नाही. अधिक पाळत म्हणजे अधिक सुरक्षा हे समीकरण या अनुभवाने सिद्ध होत नाही.
३) राजवट बदलली तरी पाळतीचे कायदे व सवयी आपोआप बदलत नाहीत. भटक्या-विमुक्तांचा अनुभव याची साक्ष देतो.
४) सुरक्षा व खाजगीपणा यांतील समतोल पाळतीच्या प्रमाणापेक्षा तिच्या उत्तरदायित्वावर अवलंबून आहे. आदेश देणारा व आदेश तपासणारा एकच असेल, तर कायदा असूनही 'गस्ती'चीच पुनरावृत्ती होते.

समारोप :

परतूरच्या परिषदेस जमलेल्या कार्यकर्त्यांनी राज्यसत्ता नको असे म्हटले नव्हते. नकार दिला तर कारण सांगावे आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी, अशा उत्तरदायी राज्यसत्तेकडे त्यांची वाटचाल होती. आजच्या संदर्भात त्याच अपेक्षेचे रूप म्हणजे पाळतीच्या आदेशांना न्यायिक तपासणी, विधिमंडळासमोर वार्षिक अहवाल आणि तपास संपल्यावर संबंधित नागरिकास सूचना हे होय. या तीन गोष्टींमुळे राष्ट्राची सुरक्षा दुबळी होईल असे मानण्यास जालना परिसराच्या इतिहासात आधार सापडत नाही. याउलट, ज्या राजवटीने जनतेला उत्तर देणे टाळले तिच्या पाठीशी शेवटच्या पाच दिवसांत जनता उभी राहिली नाही, हेही याच भूमीने पाहिले आहे.